अर्धा प्रश्न आपला, अर्धा कोणाचा?

गावच्या किराणा दुकानात एखादा जुना, मुरलेला वाणी असतो. गिऱ्हाईक उंबऱ्याशी येऊन "शेठ, तो जरा..." एवढेच म्हणते, आणि शेठ मान न वळवता फळीवरची साबणाची वडी काढून पुढे ठेवतात. त्यांना मनकवडेपणाची काही विद्या अवगत नसते. या घरचे माणूस या वेळेला, या दिवसांत काय मागते, हे वर्षानुवर्षे पाहून त्यांच्या हाताला वळण पडलेले असते, इतकेच. आता असे समजा, की एका नव्या साबणाच्या कंपनीने महिनाभर रोज पन्नास अनोळखी माणसे या दुकानात पाठवली. विकत घ्यायचे काही नाही, प्रत्येकाने येऊन फक्त विचारायचे, "अमुक छाप साबण आहे का हो?" महिना संपेपर्यंत शेठजींची खात्री होईल, की या साबणाला गावात मोठी मागणी आहे. ते माल भरतील, पुढच्या फळीवर मांडतील, आणि तुम्ही "शेठ, तो जरा..." म्हणालात की त्यांचा हात आपोआप त्या नव्या वडीकडे जाईल. शेठजींनी कंपनीकडून एक दमडीही घेतलेली नाही. ते खोटेही बोललेले नाहीत. तरीसुद्धा तुमच्या पिशवीत काय पडावे हे भलत्याच कोणी तरी ठरवले.

श्रोतेहो, आज ज्या वाण्याविषयी आपण बोलणार आहोत तो आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. फोनवर गूगल उघडले की एक लांबट रिकामी चौकट दिसते. तीत आपण "सोयाबीन" हा शब्द लिहितो न लिहितो तोच खाली आठ-दहा ओळींची यादी उलगडते. सोयाबीनचा आजचा भाव, सोयाबीनची पेरणी, सोयाबीनवरचे तणनाशक, असे काहीबाही तीत असते. आपण पुढचे लिहायचे सोडून देतो आणि त्यांतल्या एका ओळीवर बोट टेकवतो. या सोयीला 'ऑटोकम्प्लीट' असे नाव आहे. अपुरे वाक्य यंत्राने आपणहून पुरे करणे, असा त्याचा अर्थ.

ही कल्पना केविन गिब्ज या गूगलच्या अभियंत्याची. नेमून दिलेल्या कामाखेरीज स्वतःच्या आवडीच्या प्रयोगाला थोडा वेळ देण्याची मुभा त्या कंपनीत होती. त्या वेळात त्याने ही गोष्ट करून पाहिली. १० डिसेंबर २००४ रोजी हा प्रयोग 'गूगल सजेस्ट' या नावाने लोकांपुढे आला आणि २००८ साली तो मुख्य पानावर सर्वांसाठी चालू झाला. पुढे २०१८ मध्ये कंपनीने असे सांगितले, की या सोयीमुळे लिहिण्याची मेहनत सरासरी पाव हिश्शाने वाचते, आणि साऱ्या जगाचा मिळून एका दिवसात वाचणारा वेळ मोजला तर तो दोनशे वर्षांहून जास्त भरतो. दोनशे वर्षांचा आकडा ऐकायला गमतीचा वाटतो खरा. पण फोनच्या चिमुकल्या पाटीवर देवनागरी जोडाक्षरे जुळवत बसणाऱ्याला पाव हिस्सा कष्ट वाचणे किती सुखाचे असते, हे काही वेगळे सांगायला नको.

आता हे यंत्र आपले वाक्य पुरे करते ते कशाच्या आधारावर? त्याच्याजवळ आजवर लोकांनी विचारलेल्या प्रश्नांचा प्रचंड साठा असतो. आपण पहिली चार अक्षरे लिहिली की त्याच चार अक्षरांनी सुरू होणारे प्रश्न ते त्या साठ्यातून काढते, आणि त्यांतले पुष्कळांनी विचारलेले प्रश्न वर मांडते. त्याखेरीज आणखी काही गोष्टी ते पाहते. विचारणारा कोणत्या भाषेत लिहितो आहे, तो कोणत्या भागात आहे, गेल्या काही तासांत एखादा प्रश्न एकाएकी फार विचारला जाऊ लागला आहे काय, आणि याच माणसाने पूर्वी काय शोधले होते, हेही हिशेबात घेतले जाते. म्हणून लातूरच्या फोनवरची यादी आणि रत्नागिरीच्या फोनवरची यादी हुबेहूब सारखी असेलच असे नाही. जेथे पूर्वीचे प्रश्न थोडे असतात, तेथे निरनिराळ्या पानांवर कोणते शब्द एकमेकांशेजारी येतात हे पाहूनही यंत्र वाक्य जुळवते.

येथे एक बारकावा आहे. गूगल स्वतः या ओळींना 'सूचना' म्हणत नाही, 'अंदाज' म्हणते. तुम्ही काय विचारणार आहात याचा तो अंदाज. तुम्ही काय विचारावे याचा तो सल्ला नव्हे. कंपनीच्या दृष्टीने हा भेद बरोबर आहे. पण माणसाचा स्वभाव वेगळा. छापलेली ओळ समोर आली की ती आपल्याला सल्ल्यासारखी वाटते, आणि वरून पहिली ओळ तर शिफारशीसारखी. शेताच्या कडेने सरळ जाणारा रस्ता असला तरी एकाने बांधावरून आडवी वाट पाडली की दुसरा त्याच वाटेने जातो, गवत आणखी दबते, आणि तिसऱ्याला ती पाऊलवाट सरकारी रस्त्यासारखी दिसू लागते. यादीतल्या ओळीचेही असेच होऊ शकते. ती दिसते म्हणून लोक तिच्यावर बोट ठेवतात, आणि बोट ठेवणे म्हणजे पुन्हा तोच प्रश्न विचारणे.

या यादीत समाजाचे मन कसे उमटते, याचा एक दाखला शिक्षकांच्या उपयोगी पडेल. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयक संस्थेने २०१३ साली काही जाहिराती काढल्या. स्त्रियांच्या चेहऱ्यावर, नेमक्या तोंडाच्या जागी, शोधाची चौकट काढलेली होती. चौकटीत "स्त्रियांनी..." या अर्थाचे इंग्रजी शब्द होते, आणि खाली ९ मार्च २०१३ रोजी यंत्राने खरोखर दाखवलेल्या ओळी होत्या. स्त्रियांनी घरातच राहावे, स्वयंपाकघरातच असावे, अशा मजकुराच्या. जाहिरातदारांनी त्यात पदरचे काही घातले नव्हते.

मग व्यापाऱ्याच्या ध्यानात ही गोष्ट यायला किती वेळ लागणार? जो माणूस चौकटीत "पंप" लिहितो, त्याने अजून कोणताच पंप मनात ठरवलेला नसतो. त्याच क्षणी "अमुक कंपनीचा पंप" अशी ओळ खाली दिसली, तर दहा दुकाने हिंडण्याआधीच त्याच्या मनात एक नाव पडते. एखाद्या छापाला, म्हणजे हल्लीच्या भाषेत ब्रँडला, याहून स्वस्त आणि नेमक्या जागी लावलेली पाटी मिळणे कठीण. पैसे देऊन ही जागा विकत घेता येत नाही. शोधानंतर उघडणाऱ्या पानावर जाहिराती असतात, या यादीत त्या विकल्या जात नाहीत. म्हणून आडवळणाने जावे लागते, आणि आडवळणे दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार सरळ व्यापाराचा. लोकांनीच आपले नाव चौकटीत लिहावे अशी व्यवस्था करायची. जपानमध्ये २००० नंतरच्या दशकात याची एक धाटणीच पडली. दूरचित्रवाणीवरील व आगगाडीतील जाहिरातींत कंपनीचा लांबलचक पत्ता देण्याऐवजी शोधाची चौकट काढलेली असायची, तीत दोन-तीन जपानी शब्द, आणि "पुढचे इंटरनेटवर पाहा" असा निरोप. रोमन लिपीतला पत्ता लक्षात ठेवणे तिकडच्या सामान्य माणसालाही अवघडच; आपल्या भाषेतले दोन शब्द मात्र ध्यानात राहतात. लाखो लोक घरी जाऊन नेमके तेच शब्द लिहू लागले की यंत्राच्या साठ्यात त्या शब्दांची जोडी घट्ट बसते. छापाचे नाव आणि वस्तूचे नाव अशी ही जोडी बसवणे, हाच सारा खटाटोप. पोत्यावर, टेम्पोवर, क्रिकेटच्या सामन्यात, बाजारच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून, जेथे जेथे ते दोन शब्द एकत्र कानांवर पडतील तेथे ते पाडायचे. बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, त्यातलाच हा प्रकार. यात मला गैर काही दिसत नाही. लोकांनी ऐकले, त्यांना कुतूहल वाटले, त्यांनी विचारले. यंत्राने मोजले ते खरेच झालेले होते.

दुसरा प्रकार म्हणजे त्या पन्नास भाडोत्री गिऱ्हाइकांचा. यात दोन रीती आहेत. एकीत माणसे लावतात. घरबसल्या किरकोळ कामे करून थोडे पैसे मिळवणाऱ्यांचे बाजार इंटरनेटवर आहेत. तेथे "हे शब्द शोधा, अमुक ओळीवर जा, इतके पैसे" अशी कामे वाटली जातात. दुसऱ्या रीतीत माणूसही नको. एक यंत्रच हजारो निरनिराळ्या पत्त्यांवरून बोलत असल्याचा बहाणा करून तोच प्रश्न रात्रंदिवस विचारत राहते. असे काम अंगावर घेणारे ठेकेदार आहेत.

हे प्रमाण किती असेल? इंडियाना विद्यापीठ व अमेरिकेतील इतर काही संस्थांमधील संशोधकांनी २०१८ साली याचा शोध घेतला. त्यांनी गूगल, बिंग, याहू या शोधयंत्रांच्या मिळून ११ कोटी ४० लाख ओळी तपासल्या. त्यांत ३ लाख ८३ हजार ओळी अशा घुसवलेल्या आढळल्या. गूगलपुरते बोलायचे तर निदान ०.४८ टक्के, म्हणजे दोनशे ओळींमागे सुमारे एक. ऐकायला थोडे वाटेल. पण दूधवाल्याने दोनशे लिटरांत एक लिटर पाणी घातले तर ते साऱ्यांच्या भांड्यांत सारखे वाटले जाते. इथे तसे होत नाही. ज्याने नेमका तोच प्रश्न विचारला त्याच्या वाट्याला सगळे पाणीच येते.

त्या संशोधकांनी खोटी ओळ ओळखायची जी खूण वापरली, ती मला मोठी मार्मिक वाटते. खरी माणसे प्रश्न वाढवतात तो पायरी-पायरीने. "ठिबक सिंचन" म्हणणारा पुढे "खर्च" म्हणतो, "अनुदान" म्हणतो, "एकरी किती नळी" म्हणतो. घुसवलेली ओळ मात्र उडी मारते. प्रश्न अगदी साधा, सर्वसाधारण. आणि त्याच्या शेपटाला एकदम एखादे अनोळखी, विशिष्ट नाव चिकटलेले. पहिल्या अर्ध्याचा दुसऱ्या अर्ध्याशी स्वाभाविक संबंध नाही. जत्रेत "घ्या घ्या, फार छान आहे" म्हणणारा माणूस त्याच दुकानदाराचा मेहुणा आहे हे आपण जसे त्याच्या अति उत्साहावरून ताडतो, तसेच हे.

मराठीपुरता यातला एक हिशेब आपण नीट समजून घ्यायला हवा. ज्या गावात मतदार दहा हजार, तेथे वीस भाडोत्री मतांनी सहसा काही बिघडत नाही. ज्या वस्तीत मतदार शंभर, तेथे तीच वीस मते निकाल फिरवतात. इंग्रजीतला एखादा साधा प्रश्न रोज लाखो लोक विचारत असतील. मराठीत, आणि तेही एका तालुक्यापुरत्या पिकाविषयी किंवा औषधाविषयी, विचारणारे किती असणार? जेथे पाणी उथळ, तेथे गढूळ करायला फार हात लागत नाहीत. तेव्हा मराठीतल्या यादीकडे अधिक सावधपणे पाहावे, असे माझे मत आहे. याला इलाजही मराठी माणसाच्याच हाती आहे. आपण आपले खरे, पूर्ण प्रश्न आपल्या भाषेत जितके अधिक विचारू तितका हा साठा खोल होत जाईल.

आतापर्यंत नाव चढवण्याची गोष्ट झाली. नाव खाली ओढण्याचीही एक बाजू आहे, आणि तिच्यापायी काही देशांत कोर्टाची पायरी चढावी लागली. आयर्लंडमधील लाउथ परगण्यातल्या एका हॉटेलच्या मालकांनी २०११ साली गूगलवर दावा लावला. हॉटेलचे नाव लिहू लागले की पुढे "दिवाळखोरी" या अर्थाचा शब्द येई, आणि हॉटेल तर चांगले चालू होते. त्या काळात आयर्लंडमध्ये मंदी होती, पुष्कळ हॉटेले बुडाली होती. कोणी काळजीपोटी विचारून पाहिले असेल, "हेही बुडाले की काय?" तेवढ्या विचारण्याची ओळ झाली, आणि ती ओळ वाचणाऱ्याला ती बातमी वाटली. बोलता बोलता कंडी पिकते म्हणतात ना, ती अशी.

जर्मनीत एका कंपनीच्या संस्थापकाच्या नावापुढे "फसवणूक" हा शब्द येत असे. पूरक आहार आणि सौंदर्यप्रसाधने विकणारी ती कंपनी. खालच्या न्यायालयांनी त्याचे म्हणणे फेटाळले. तो वरिष्ठ न्यायालयात गेला, आणि १४ मे २०१३ रोजी जर्मनीच्या संघराज्य न्यायालयाने त्याच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय दिला. न्यायालय म्हणाले, की प्रत्येक ओळ आधी तपासून मगच दाखवा असे शोधयंत्रावर बंधन घालता येणार नाही. पण अमुक ओळ खोटी व बदनामीकारक आहे असे कोणी कळवल्यावरही ती ठेवली, तर जबाबदारी यंत्र चालवणाऱ्याची. गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात, १९ जून २०१३ रोजी, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विमाकंपनीच्या नावापुढे "लुच्चा" या अर्थाचा शब्द येण्याच्या खटल्यात नेमका उलट कौल दिला. ही यादी आपोआप तयार होते, तिच्यामागे कोणाचा हेतू नाही, असे तेथील न्यायमूर्तींना वाटले. शेजारी शेजारी दोन देश, एकच यादी, आणि दोन निवाडे. मला जर्मन न्यायालयाचे म्हणणे अधिक पटते. भिंतीवर रात्री कोणी काय लिहिले याला घरमालक जबाबदार नाही. पण सकाळी सांगितल्यावरही त्याने ते पुसले नाही, तर मग लिखाण त्याचेच झाले.

अर्थात या सवलतीचीही दुसरी बाजू आहे. "तक्रार", "फसवणूक" हे शब्द कधी कधी अगदी खरे असतात. शंभर गिऱ्हाइकांचे हात पोळले म्हणून ते तेथे आलेले असतात. असे शब्द यादीतून घालवावे, त्यांच्या जागी गोड शब्द यावेत, यासाठी पैसे मोजणाऱ्या कंपन्या आहेत आणि ते काम पत्करणारे धंदेवाईकही आहेत. तेव्हा एखाद्या नावापुढे वाईट शब्द दिसला नाही, एवढ्यावरून ते नाव निर्मळ ठरत नाही.

गूगलने यंत्राकडून होणाऱ्या खोट्या शोधांना मनाई केलेली आहे. हिंसक, अश्लील, द्वेष पसरवणाऱ्या ओळी ते काढून टाकतात. २०१७ पासून वाचकालाही तक्रारीची सोय आहे. संगणकावर यादीच्या तळाशी अनुचित ओळ कळवण्याचा दुवा असतो. फोनवर त्या ओळीवर बोट दाबून धरले की तशीच सोय पुढे येते. ही सोय वापरणारे मला फार थोडे भेटतात. वापरायला हवी.

आता आपल्या दाराशी येऊ. कंपनीच्या ग्राहकसेवेचा क्रमांक, बँकेच्या शाखेचा क्रमांक, गॅसच्या वितरकाचा क्रमांक शोधताना फसलेली माणसे थोडी नाहीत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तीत शोधयंत्रावर पेरलेल्या खोट्या क्रमांकांचा प्रकार वेगळा सांगितलेला आहे. यात यादीखाली उघडणाऱ्या पानांचा दोष अधिक, हे खरे. पण घाईत अर्धा प्रश्न लिहून पुढचा अर्धा यंत्रावर सोपवण्याची सवय तेथे घात करते. बँकेचा क्रमांक पासबुकावर व कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. पंपाचा क्रमांक हमीपत्रावर असतो. तोच लावावा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. मालाविषयीची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि बियाणे, कीड, औषध यांविषयी विचारायचे असेल, तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे; तेथे माणूस मराठीत बोलतो, आणि मुख्य म्हणजे तो तुमचा प्रश्न पुरा होईपर्यंत थांबतो.

शिक्षकमित्रांसाठी एक छोटा पाठ सुचवतो. फोन हाती घेण्याआधी प्रत्येक मुलाने आपला प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिहावा. "कपाशीवरची गुलाबी बोंडअळी केव्हा येते?" असा, प्रश्नचिन्हासकट. मग फोनवर त्यातले पहिले दोनच शब्द लिहावेत आणि खाली जी यादी येईल ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवावी. जमल्यास तेच शब्द दुसऱ्या एखाद्या फोनवर, आणि एकदा इंग्रजी अक्षरांत लिहून पाहावेत. तीन याद्या शेजारी शेजारी आल्या की मुलांना विचारावे: यांत तुझा प्रश्न कोठे आहे? कोणत्या ओळीत कंपनीचे किंवा दुकानाचे नाव आहे? ते नाव तू विचारले होतेस का? पंधरा दिवसांनी हेच पुन्हा करावे आणि बदललेल्या ओळींखाली रंगीत खडूने रेघ ओढावी. एका तासाचे हे काम आहे. याला संगणकाची खोली लागत नाही. गुरुजींचा आणि गावातल्या एखाद्या पालकाचा, असे दोन फोन पुरतात.